राणीची बदली

पूर्वी लग्न जमलं की घरात पहिला प्रश्न निघायचा हॉलचा, दुसरा आचाऱ्याचा आणि तिसरा, रुसलेल्या आत्याबाईंना आणायला कोणी जायचं याचा. फोटोग्राफरचं नाव यादीत सनईवाला आणि बर्फवाला यांच्या मधे कुठेतरी असे. तो लग्नाच्या दिवशी यायचा, नवरदेवाची टोपी सरळ करायचा, ऐन मंगलाष्टकात भटजींना 'जरा बाजूला व्हा' म्हणायचा आणि पहिल्या पंगतीला जेवून जायचा. पंधरा-वीस दिवसांनी काळ्या पानांचा आल्बम आला की त्यात नवरा-नवरीपेक्षा नवरीच्या काकांची पाठच जास्त वेळा दिसायची. पण कोणी तक्रार करत नसे. काकांची पाठही लग्नाला हजर होतीच की!

आता फोटो लग्नाच्या आधी काढतात. याला 'प्री-वेडिंग शूट' म्हणतात. शूट हा शब्द आमच्या लहानपणी फक्त नरभक्षक वाघाच्या बाबतीत वापरत. आता लग्नाळू जोडपं एखाद्या नावाजलेल्या जागी जातं आणि आपण फोटो काढायला आलेलोच नाही असा चेहरा करून दिवसभर फोटो काढून घेतं. त्या चेहऱ्याला 'कँडिड' असं नाव आहे. आमच्या वेळी कॅमेऱ्याकडे न बघणाऱ्यावर फोटोग्राफर ओरडायचा, आता बघणाऱ्यावर ओरडतो, एवढाच काय तो फरक.

माझ्या भाचीचं लग्न डिसेंबरातलं. आणि तिला हे शूट करायचं होतं भायखळ्याच्या राणीच्या बागेत.

"मामा, तू लहानपणी तिथेच पडीक असायचास ना? मग तूच जागा ठरव. कुठे उभं राहायचं, मागे काय येईल, ऊन कुठून येतं, सगळं."

पडीक असायचो हे खरं. माझं बालपण चिंचपोकळीच्या चाळीत गेलं. सुट्टीत ज्यांना मामाचं गाव नव्हतं त्या आम्हा पोरांना राणीची बाग होती. हत्तीवर बसायला मिळायचं, माकडं हातातले दाणे पळवायची आणि पाणघोडा दिवसभर पाण्यात बसून आमच्याकडे आमच्या गणिताच्या मास्तरांसारखा बघायचा. पण त्या बागेत उभं कुठे राहायचं हा विचार आम्ही कधी केला नव्हता. आम्ही तिथे पळत असू.

तर एका रविवारी ताईच्या घरी बैठक बसली. ताई, मी, आमची सौ., भाची आणि फोटोग्राफर. होणारे जावई बेंगळूरला नोकरीला. ते फोनमधून हजर होते. फोन चिवड्याच्या डब्याला टेकवून उभा केला होता, आणि कोणी चिवडा घ्यायला डबा ओढला की जावई आडवे होत. फोटोग्राफर हा केसांचा अंबाडा बांधलेला, दाढी राखलेला, अतिशय नम्र मुलगा होता. त्यानं वही उघडली आणि मला म्हणाला, "सर, रॉयल लुक पाहिजे. बॅकग्राऊंडला हिस्टरी पाहिजे. पण ब्लर."

इतिहास हवा, पण धूसर! आपल्या समाजाचं इतिहासाविषयीचं धोरण इतक्या थोडक्यात मी एकाही विद्वानाकडून ऐकलं नव्हतं.

मी कागद घेतला आणि बागेचा नकाशा काढायला बसलो. काढता काढता माझ्या लक्षात आलं की या बागेत ज्याच्यापुढे उभं राहावं अशी एकही गोष्ट मूळची तिथली नाही. सगळी मंडळी बदलीवर आलेली. मी एका बँकेत तेहेतीस वर्षं काढली, सहा बदल्या पाहिल्या, त्यामुळे बदलीचा माणूस मी लांबूनही ओळखतो. त्याचं सामान अर्धंच उघडलेलं असतं.

खुद्द बागेचंच बघा. बागाईतीची आवड असलेल्या गोऱ्या-काळ्या सद्‍गृहस्थांची एक संस्था मुंबईत होती, ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी. आपले नाना शंकरशेट हे तिचे पहिले हिंदी अध्यक्ष. तिची बाग होती शिवडीला. ती जागा पुढे दफनभूमीकडे गेली, आणि भायखळ्याची नवी बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरसाहेबांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते उघडली. नाव ठेवलं व्हिक्टोरिया गार्डन्स. मुंबईकरांनी 'व्हिक्टोरिया' हे नाव घोडागाडीला देऊन टाकलं म्हणून म्हणा किंवा जिभेला सोपं म्हणून म्हणा, बाग राणीची झाली. १८७३ साली ती म्युनिसिपालिटीकडे आली. पुढे तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं. नाव योग्यच, पण भायखळा स्टेशनावर उतरून टॅक्सीवाल्याला ते पूर्ण सांगेपर्यंत बाग आलेली असते.

बागेशेजारचं संग्रहालय तेही तसंच. त्याचा पहिला मुक्काम फोर्टातल्या बराकीत. १८५७ साली देशात जे घडलं त्यानं बराकी लष्कराला लागल्या आणि संग्रहालयाला चंबूगबाळं आवरावं लागलं. मग डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट, डॉ. बर्डवुड अशा मंडळींनी वर्गणी जमवून नवी इमारत बांधायला घेतली. कोनशिला बागेच्या उद्‍घाटनाच्याच दिवशी बसली. वर्गण्या मोठ्या होत्या, कारण मुंबईत तेव्हा कापसाचा पैसा उतू जात होता. मग १८६५ साली शेअरबाजार कोसळला आणि हाताशी अर्धवट भिंती उरल्या. इमारत पुरी होऊन लोकांना खुली झाली ती २ मे १८७२ ला. दहा वर्षं! हाउसिंग सोसायटीत फ्लॅट घेतलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

"मामा, जागा," भाचीनं आठवण केली.

"हत्ती घे," मी म्हणालो. "संग्रहालयाच्या अंगणात दगडी हत्ती आहे. त्याच्यापुढे उभ्या राहा."

हा हत्ती म्हणजे घारापुरीचा. पोर्तुगीज त्या बेटावर उतरले तेव्हा त्यांना तो दिसला आणि त्यांनी बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. म्हणजे एवढ्या मोठ्या लेण्यात त्रिमूर्ती बसलेली आणि नाव पडलं दारातल्या हत्तीचं. १८६४ साली साहेबाच्या मनात आलं, हा हत्ती विलायतेला न्यावा. उचलायला गेले, तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. तुकडे विलायतेला न्यायचा उत्साह राहिला नाही, ते आले राणीच्या बागेत. पन्नास वर्षांनी, १९१४ साली, कोणाला तरी वाटलं की हे जोडून बघू. जोडले, हत्ती उभा राहिला, तो अजून उभा आहे. परदेशी जायला निघून भायखळ्याला उतरलेला माझ्या माहितीतला हा एकटाच.

"तुकडे झालेला हत्ती? लग्नाच्या फोटोत?" ताई म्हणाली. हत्ती बाद झाला.

फोटोग्राफरची नजर घोड्यावर होती. त्यानं तो आधीच पाहून ठेवला होता. "सर, ब्लॅक हॉर्स. किंग. एकदम रॉयल."

हा घोडा म्हणजे तोच, काळा घोडा. स्वार आहे सातवा एडवर्ड, पण तेव्हा तो राजा नव्हता, युवराज होता. १८७५-७६ च्या थंडीत तो हिंदुस्थानात येऊन गेला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी हा पुतळा शहराला दिला. घडवला बोहम नावाच्या मूर्तिकारानं आणि फोर्टात बसवला १८७९ साली. ब्राँझचा पुतळा, मुंबईच्या हवेत तो काळा दिसणारच. आता गंमत बघा. पुतळा युवराजाचा, पैसा ससूनचा, कला बोहमची, आणि लोकांनी त्या सगळ्या भागाला नाव दिलं घोड्याचं. अख्ख्या साम्राज्यातून मुंबईकरांनी फक्त घोडा पसंत केला. १९६५ साली पुतळा तिथून हलवून राणीच्या बागेकडे आणला, तरी तिकडे लोक 'काळा घोडा'च म्हणत राहिले. घोडा नसलेल्या काळ्या घोड्याला बावन्न वर्षं झाली तेव्हा, २०१७ साली, तिथे एक नवा काळा घोडा बसवला. त्याच्यावर स्वार नाही. म्हणजे फोर्टात घोडा आहे, राजा नाही. भायखळ्याला राजा आहे, पण तो आता कशाचा राजा ते घोड्यालाही सांगता येणार नाही.

त्या १९६५ च्या वर्षी अशा बऱ्याच जणांची बदली झाली. स्वातंत्र्य मिळून अठरा वर्षं झाली होती, चौकाचौकांत साहेब उभेच होते. ते उचलून भायखळ्याला आणले. त्यांत एक लॉर्ड कॉर्नवॉलिसही आहे. फोर्टातल्या सर्कलमध्ये तो होता तेव्हा गोरगरीब लोक त्याला फुलं वाहत, नमस्कार करत; त्याच्या जागेला 'छोटं देऊळ' असं म्हणत. ज्यानं कायमधारा पद्धतीनं बंगालभर जमीनदार बसवले त्याला मुंबईत नवस बोलले जात होते. नवस फेडणाऱ्याचं नाव विचारायची आपल्याकडे पद्धत नाही, हेच खरं.

"आणि ती राणी?" फोटोग्राफर म्हणाला. "मार्बलमधली? तिच्यापुढे व्हाइट गाऊन, लांब टेल. भाड्यानं मिळतो. टेल सहा मीटर आहे."

"पांढरा?" ताई म्हणाली. "लग्नाच्या आधी?"

इथे मला मधे पडावं लागलं, कारण पांढऱ्या झग्याचा सगळा दोष त्या राणीकडेच जातो. १० फेब्रुवारी १८४० ला व्हिक्टोरियाचं लग्न झालं तेव्हा ती पांढऱ्या साटिनचा झगा घालून उभी राहिली. तोवर विलायतेत नवऱ्या मुली रंगीत कपड्यांतही लग्न करत. राणीचं बघून पांढऱ्याची टूम निघाली आणि आज ती ताईच्या दिवाणखान्यात सहा मीटरचं शेपूट घेऊन शिरली. तिचा नवरा अल्बर्ट १८६१ च्या डिसेंबरात गेला, बेचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर राणीनं काळे कपडे घातले ते १९०१ साली मरेपर्यंत, चाळीस वर्षं. आपल्याकडे नवरा गेला की बाईला रंग सोडायला लावत, तिनं आपणहून सोडला. तिच्या अंगावर पांढरं सौभाग्याचं आणि काळं वैधव्याचं. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर तिनं दोन्ही साम्राज्यांना शहाणपण शिकवलं असतं.

"हा संगमरवरी पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला," मी पुढे सांगायला लागलो. मला थांबवणं त्या वेळी अवघड होतं. "फोर्टात, तार ऑफिसापाशी होता. १८७२ साली बसवला. आणि १८९६ साली एका रात्री दामोदर चापेकर आणि त्यांचा भाऊ यांनी त्याला डांबर फासलं, गळ्यात जोड्यांची माळ घातली."

चिवडा खाणारे हात थांबले.

"कोणी केलं ते तेव्हा कळलंच नाही. पुढे रँडच्या खुनात पकडले गेल्यावर दामोदरपंतांनीच ते सांगितलं. १८ एप्रिल १८९८ ला येरवड्याला त्यांना फाशी झाली. डांबर फासलं त्यानंतर दीड वर्षात."

कोणी काही बोललं नाही. फोटोग्राफरनं वहीत 'क्वीन' असं लिहिलं होतं, त्यावर त्यानं पेन्सिलीनं हलकी काट मारली. चांगला मुलगा. मला एवढंच म्हणायचं होतं की एका दगडापुढे एकजण फुलं घेऊन जातो, एकजण डांबर घेऊन जातो, आणि एकजण झगा भाड्यानं घेऊन जातो. तर जाणाऱ्यानं आपण कितवे आहोत एवढं तरी माहीत करून घ्यावं.

पण राणीची गोष्ट मला तिथे संपवता येईना. कारण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती साम्राज्याची नाही, संसाराची आहे.

व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, पण हिंदुस्थानात ती कधी आलीच नाही. बाग तिच्या नावाची, बागेत ती नाही. तिकडे नवरा मात्र भायखळ्याला कधीचा येऊन राहिला होता. संग्रहालयाच्या आत, मधल्या दालनात, अल्बर्टचा संगमरवरी पुतळा आहे. तो दिला डेव्हिड ससून यांनी, आणि घडवला मॅथ्यू नोबल नावाच्या मूर्तिकारानं. फोर्टातली राणी घडवली तीही याच नोबलनं. एकाच हातानं घडवलेली नवरा-बायको, एकाच शहरात. नवरा भायखळ्याला, बायको फोर्टात. मधे ट्रामचं एक तिकीट! पण ती नव्वदएक वर्षं भेटली नाहीत. इमारतीच्या पाटीवर तेवढी दोघं शेजारी शेजारी होती, कारण संग्रहालयाचं नावच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम.

मग १९६५ साली राणीची बदली भायखळ्याला झाली. एकशेतीन वर्षांनी राणी राणीच्या बागेकडे आली, तीही नोकरी गेल्यावर. मुलगाही घोड्यासकट त्याच वर्षी आला. सगळं कुटुंब एका आवारात! आता तरी भेटले म्हणावं, तर नवरा आत दालनात आणि बायको बाहेर अंगणात. मधे भिंत. मुलगा घोड्यावरून उतरत नाही. आणि दहा वर्षांनी, १९७५ साली, संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव दिलं. ते द्यायलाच हवं होतं, उशीरच झाला होता. पण पाटीवर जी दोघं शेजारी होती तीही सुटली.

मला वाटलं होतं यावर सगळे हसतील. फोटोग्राफर हसला. ताई हसली. भाची हसली नाही.

"पण मामा, ते निदान एका शहरात होते," ती म्हणाली.

चिवड्याच्या डब्याला टेकलेले जावई काही बोलले नाहीत. त्यांचा चेहरा मधेच थिजतो तसा थिजला होता. ते नेटवर्कमुळे होतं की आणखी कशामुळे, सांगता येत नाही. मला मागाहून कळलं ते असं की लग्नानंतरही निदान दोन वर्षं हिची नोकरी मुंबईत आणि त्याची बेंगळुरात राहणार होती. दोघांपैकी कोणी सोडायची, हा प्रश्न दोघांनी एकमेकांना विचारला नव्हता. विचारला तर कोणीतरी 'मी सोडतो' म्हणेल, ही दोघांना भीती. शूटसाठी तो मुंबईत येणार होता तो एक दिवस. सकाळच्या विमानानं यायचं, रात्रीच्या विमानानं जायचं. त्या एका दिवसातून भिंतीवर लावायला काही हवं म्हणून ही सगळी खटपट चालली होती.

"भिंतीवरच्या नवऱ्याचं मला विचार," आमची सौ. पहिल्यांदाच बोलली.

यावर मला खरं तर खोकला यायला हवा होता. माझी लातूरला बदली झाली तेव्हा मुलांच्या शाळेसाठी ही मुंबईत राहिली. लातूर झालं, चंद्रपूर झालं. सगळी मिळून सात वर्षं. घरात माझा एक फोटो दर्शनी भिंतीवर होता. एकदा विम्याचा एजंट आला, त्यानं आमच्या चार वर्षांच्या चिरंजीवांना विचारलं, 'बाळ, बाबा कुठे आहेत?' चिरंजीवांनी भिंतीकडे बोट दाखवलं. एजंटानं टोपी काढली, हिच्याकडे बघून 'ईश्वरेच्छा' म्हणाला आणि चहा न घेता गेला. ही गोष्ट आमच्याकडे गेली तीस वर्षं हसण्यासाठी सांगितली जाते. त्या रविवारी ती सांगताना सौ. जेवढी हसली त्यापेक्षा जरा कमी हसली असं मला वाटलं.

भाचीनं नकाशा आपल्याकडे ओढला. "मामी, तुला त्या बागेत काय आवडायचं?"

"झाडं," सौ. म्हणाली. "हे पुतळ्यांचंच सांगत बसतात. बागेत आधी झाडं असतात."

हे मी विसरलो नव्हतो, क्रमानं यायचो तिथे. राणीच्या बागेत झाडांच्या पावणेतीनशेहून जास्त जाती आहेत. आफ्रिकेतली गोरखचिंच आहे, तिच्या बुंध्याला चार माणसांनी कवळ घालावी. दक्षिण अमेरिकेतला कैलासपती आहे, तोफगोळ्यांएवढी फळं खोडालाच लावून उभा. तीही सगळी बदलीवर आलेली, पण त्यांनी सामान पूर्ण उघडलं. त्यांना कोणी परत पाठवायचं म्हणत नाही. (अगदी अलीकडची बदली पेंग्विनांची. २०१६ साली ते कोरियाहून आले आणि २०१७ साली बागेचं तिकीट पाच रुपयांचं पन्नास झालं. गार हवेत राहणाऱ्यांचा खर्च इतरांनी उचलायचा, ही मुंबईची जुनीच रीत.)

"उर्वशी," सौ. म्हणाली. "आम्ही एकदा बघितली होती. लाल झुंबरं लोंबतात."

उर्वशी मूळची ब्रह्मदेशातली. नाव मोठं, पण झाडाला ते शोभतं. लाल-पिवळ्या फुलांचे घोस झुंबरासारखे खाली सोडलेले. आम्ही ते बघितलं तेव्हा मी लातूरहून चार दिवसांच्या रजेवर आलो होतो. कॅमेरा होता, आग्फाचा क्लिक थ्री. पण त्याच्या रोलमध्ये फोटो बारा, आणि अकरा मुलांनी हत्ती, माकड आणि आइस्क्रीम यांच्यावर खर्चून टाकले होते. बारावा मी सौ.चा काढला, उर्वशीखाली. आमचा दोघांचा एकत्र असा तिथला फोटो नाही, कारण काढणारा मी. रोल धुऊन आला तेव्हा मी लातुरात परत हजर झालेलो होतो.

"ठरलं. उर्वशी," भाची म्हणाली. "कधी फुलते?"

"हिवाळा सरताना. फेब्रुवारी-मार्चात."

फोटोग्राफरनं पेन्सिल खाली ठेवली. "मॅडम, लग्न डिसेंबरात आहे."

मग मी तो खुलासा केला ज्याचा मला आजही अभिमान आहे. व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचे लग्नाचे म्हणून जे फोटो लोक हौसेनं बघतात ते लग्नाचे नाहीतच. लग्न झालं १८४० साली. फोटो काढायची विद्या जगात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं, लग्नाचा फोटो निघालाच नाही. ते फोटो रॉजर फेंटननं काढले १८५४ साली, राणी दरबारी पोशाखात असताना. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि मुलं आठ. त्याच १८५४ साली आपल्या मुंबईतही फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे आपल्याकडचे त्या नादी लागलेले पहिल्या काही लोकांपैकी. तेव्हा लग्नानंतर सवडीनं शूट करण्याची प्रथा राजमान्य आहे. रॉयल लुक पाहिजे म्हणाला होतात ना?

"म्हणजे पोस्ट-वेडिंग?" फोटोग्राफर म्हणाला.

डब्याजवळून आवाज आला. जावई थिजलेले सुटले होते. "मामा, फेब्रुवारीत मी रजा टाकतो. एक दिवस नाही, आठ दिवस. शूटचं कारण सांगितलं तर आमच्याकडे रजा लगेच मिळते. बायकोला भेटायचंय म्हटलं तर चौकशी करतात."

"आणि पुढच्या फेब्रुवारीतही फुलेलच की," भाची त्या डब्याकडे बघत म्हणाली.

ताईनं डबा सरळ केला. पांढरा झगा रद्द झाला, आजीचं हिरवं लुगडं काढायचं ठरलं. बुधवारी बाग बंद असते म्हणून गुरुवार धरला. फोटोग्राफरला हवी असलेली पहाटेची कोवळी उन्हं मिळणार नव्हती, कारण सकाळी फिरायला येणारी मंडळी सोडली तर बाग उघडते साडेनऊला. त्याला म्हटलं, साडेनऊचं ऊन आमच्या वेळी बारा फोटोंना पुरायचं. सौ.नं विचारलं की तेव्हा आम्ही दोघंही येऊ का, झाडाखाली एक काढून घ्यायला. तो म्हणाला, "का नाही काकू, तुमचा ब्लर न करता काढतो."

मग त्यानं वही मिटली, परत उघडली आणि अतिशय नम्रपणे सांगितलं की पोस्ट-वेडिंग हे प्री-वेडिंगच्या पॅकेजमध्ये बसत नाही, वर सीनियर सिटिझन कपलचे वेगळे होतील.